नऊ तोंडांचं पाकीट

११ सप्टेंबर, सकाळी सव्वाअकरा. ठिकाण, इतवारीतल्या एका मसाला कंपनीच्या ऑफिसचा पहिला मजला. ठरलेली रक्कम पंच्याऐंशी हजार रुपये, जीएसटी वेगळा, अर्धे आगाऊ. हजर माणसं सहा: मालक बाबूजी, वय बहात्तर, त्यांचे धाकटे भाऊ काकाजी, वय एकोणसत्तर, बाबूजींची सून स्नेहल, काकाजींचा मुलगा भूषण, माझी बायको माधुरी, आणि मी, संजय रामटेके. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ती आजही आमची ग्राहक आहे आणि मला तिला ग्राहकच ठेवायचं आहे.

आमचा डिझाइन स्टुडिओ म्हणजे मनीषनगरातल्या आमच्या फ्लॅटची पुढची खोली. नऊ फूट बाय अकरा. त्यात दोन टेबलं, एक मोठा मॉनिटर, एक प्रिंटर आणि पाहुणे आले की दोन गाद्या. चित्र माधुरी काढते. मला पट्टीशिवाय सरळ रेषाही येत नाही, पण पट्टी दिली तर माझ्यासारखी रेषा कोणी काढत नाही. त्याआधी एकोणीस वर्षं मी एका छापखान्यात एस्टिमेट काढायचो. कागद किती, शाई किती, वाया किती. तो छापखाना मालकाने विकला आणि तिथे जिम निघाली. त्यानंतर गेली अकरा वर्षं आम्ही दोघं लोकांची पाकिटं, डबे, पाट्या आणि बोधचिन्हं करतो.

लोक विचारतात, कंपनीकडे स्वतःचा कॉम्प्युटर असतो, स्वतःचा माणूस असतो, आता तर मोबाइलवर फुकटात डिझाइन होतं, मग ते तुमच्यासारख्या दोन माणसांच्या बाहेरच्या स्टुडिओला पैसे का देतात? कोटेशनमध्ये मी तीन कारणं लिहितो. ताजी नजर, कमी खर्च, वेळेत काम. तिन्ही खरी आहेत. पण मी प्रत्येक कामाची एक वही ठेवतो आणि तिच्या शेवटच्या रकान्यात 'खरं कारण' लिहून ठेवतो. अकरा वर्षांचा तो रकाना वाचला तर कोटेशनमधलं एकही कारण त्यात सापडत नाही.

एक छोटं उदाहरण देतो. सदरमधल्या एका कोचिंग क्लासच्या मालकाने आम्हाला सहा हजारांत बोधचिन्ह करायला दिलं. आधीचं होतं, त्यात एक हंस चोचीत पेन्सिल धरून गणित सोडवत होता. तो हंस त्यांच्या पत्नीने काढलेला होता आणि बऱ्याच पालकांना तो बदक वाटायचा. आम्ही नवीन चिन्ह केलं. मालक घरी गेले आणि म्हणाले, "मी लय सांगितलं त्याले, पण रामटेके ऐकतच नाही." त्या बाई आजही बाजारात माझा नमस्कार घेत नाहीत. वहीत मी लिहिलं: खरं कारण, हंस.

आता मसाल्याकडे येतो.

या कंपनीत एक रीत होती. घरातल्या मुलाचं लग्न झालं की त्याचा फोटो पाकिटावर यायचा. सुरुवात बाबूजींच्या वडिलांपासून. तेव्हा पाकिटावर एकच चेहरा होता आणि तो शोभत होता. मग बाबूजी आले, काकाजी आले, मग दोघांचे मुलगे, चुलत्यांकडचे दोघे, सर्वांत शेवटी भूषण. एकूण तोंडं नऊ. दर लग्नाला मसाल्याचं नाव थोडं आक्रसायचं. मी पाहिलं तेव्हा 'काळा मसाला' ही अक्षरं भूषणच्या कानाखाली उरली होती.

भूषण हाच कंपनीचा आतला डिझायनर. मुलगा हुशार, हातात कला. पण तो पाकिटावरचा नववा. कोणाचा फोटो काढून टाकायचा म्हटलं तर आधी स्वतःचा काढायला हवा, स्वतःचा काढला तर नुकतं लग्न झालेली बायको रुसणार, आणि दुसऱ्याचा काढला तर संध्याकाळी त्याच माणसाच्या शेजारी जेवायला बसायचं. सगळं कुटुंब एकाच घरात राहतं आणि एकाच पंगतीत जेवतं.

अडचण सुरू झाली ती स्नेहलमुळे. ती एमबीए झालेली. तिने सासऱ्यांकडे ऑफिसात टेबल मागितलं. बाबूजी म्हणाले, एक मोठी ऑर्डर आणून दाखव, टेबल तुझं. तिने अठरा दुकानांच्या एका साखळीची ऑर्डर आणली. टेबल मिळालं, कच्चं. दिवाळीच्या आधी माल दुकानांत लागला तर पक्कं, नाही तर टेबलावर पूर्वीप्रमाणे वजनकाटा. साखळीच्या खरेदी अधिकाऱ्याने नमुन्याचं पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "मॅडम, ये कौन सी पार्टी है?" निवडणुका जवळ होत्या, त्यामुळे त्याचा दोष नव्हता. त्याने अट घातली, पाकीट बदला, नाही तर राहू द्या.

म्हणून आम्ही.

मसाल्याच्या ऑफिसात बैठक म्हणजे काय ते बाहेरच्याला कळणार नाही. खालच्या मजल्यावर मिरची कुटतात आणि जिन्यातून ती वर येते. घरच्यांना काही होत नाही. आम्हाला होतं. पहिल्या बैठकीत मला सत्तावीस शिंका आल्या आणि माधुरीला एकोणीस. प्रत्येक शिंकेला काकाजी म्हणायचे, "होते, होते, सवय होते."

मी तयारी करून गेलो होतो. आदल्या दिवशी स्टीलच्या पट्टीने पाकीट मोजलं होतं. मला वाटलं, आकडे दाखवले की वाद होणार नाही. माणसाशी भांडता येतं, आकड्याशी कोण भांडणार? एकोणीस वर्षं एस्टिमेट काढलेल्या माणसाची ही समजूत होती.

"पाकिटाची समोरची बाजू तेरा बाय अठरा," मी वाचायला लागलो, "म्हणजे दोनशे चौतीस चौरस सेंटिमीटर. त्यात नऊ चेहरे एकशे सव्वीस. सोनेरी दोरी, हार, मेडल आणि 'आमची कोठेही शाखा नाही' मिळून एकशे दोन. मसाल्याच्या नावाला उरले सहा."

"सहाच?" स्नेहल म्हणाली. तिला आकडा आधीच माहीत होता, पण ती आश्चर्य नीट दाखवते.

"सहा," मी म्हणालो. इथे मी थांबायला हवं होतं. अकरा वर्षांत सांगण्यासारखा पश्चात्ताप एवढाच. पण कागदावर खाली तक्ता होता, आणि केलेला तक्ता न वाचता घरी नेणं मला जमत नाही. "चेहरेनिहाय तपशील असा. बाबूजी, पंधरा पूर्णांक चार. भूषण, चौदा पूर्णांक एक. काकाजी, बारा पूर्णांक नऊ."

मला शिंक येत होती, ती थांबली.

"पुन्हा वाचा," काकाजी म्हणाले.

"बारा पूर्णांक नऊ."

"अन् दादाचं?"

"पंधरा पूर्णांक चार."

"अडीचचा फरक," काकाजी हळूच म्हणाले, "मले तं पयल्यापासून शंका होती." मग भूषणकडे वळले. "अन् तुहं तोंड माह्यापेक्षा मोठं? बापापेक्षा? काहून?"

भूषणने पाकिटाकडे पाहिलं, लग्नाच्या फोटोतही असलेल्या वडिलांच्या टकलाकडे पाहिलं आणि खरं ते सांगितलं. "बाबा, मले केस आहेत ना."

बैठक पंचेचाळीस मिनिटांची ठरली होती. चौदा मिनिटांत संपली.

घरी येताना मनीषनगरच्या रेल्वे फाटकाशी स्कूटर थांबली. फाटक बंद होतं. मागे बसलेली माधुरी म्हणाली, "अहो, तुम्हाला कोणी सांगितलं होतं तोंडं मोजायला?"

"क्षेत्रफळाशिवाय डिझाइन कसं करणार?"

"नऊ लोकांना सांगितलं की कोणाचं तोंड केवढं. आता करा डिझाइन."

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढची घाई समजेल. असं चकचकीत पाकीट छापताना प्रत्येक रंगासाठी तांब्याचा थर दिलेला एक लोखंडी सिलिंडर लागतो. त्यावर डिझाइन कोरतात. एकदा कोरलं की रबराने खोडता येत नाही. एका नाकाची रेघ बदलायची तरी सिलिंडर पुन्हा. जुन्या पाकिटाला आठ रंग होते, कारण नऊ माणसांच्या नऊ कातड्या एकसारख्या दिसायला नको होत्या. दिवाळीआधी माल हवा तर सिलिंडरवाल्याकडे फाइल दसऱ्याच्या तीन दिवस आधी संध्याकाळी सहापर्यंत जायला हवी होती. आमच्या हातात जेमतेम तीन आठवडे होते.

ते तीनही आठवडे दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. बोलले ते माझ्यामार्फत. सकाळी साडेनऊला काकाजींचा फोन यायचा.

"रामटेकेजी, माह्या मिशा मोजल्या होत्या का?"

"चेहऱ्याच्या आतच आहेत ना त्या."

"टोकं बाहेर निघतात. दोन्हीकडं. पुन्हा मोजा अन् दादाले सांगा."

पावणेदहाला बाबूजींचा. "श्यामचा फोन आलता का? काय म्हणे?"

"मिशांची टोकं मोजा म्हणाले."

"त्याले सांगा, मंग माहे कानही मोजा. माहे कान त्याच्यापेक्षा मोठे आहेत."

दोघांची ऑफिसातली टेबलं एकमेकांपासून सात फुटांवर होती. मी मोजली होती.

या काळात माधुरीने चौदा डिझाइनं केली. एकात नऊही चेहरे सारखे केले, तेव्हा ते फुटबॉलचा संघ वाटले. एकात झाडाच्या फांद्यांवर बसवले, तेव्हा चुलत्यांकडचे दोघे म्हणाले, आम्ही खालच्या फांदीवर काहून? एकात सगळे चेहरे टिकलीएवढे केले. ते बाबूजींनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "हे चांगलं आहे. आता फक्त मोठे करा."

पंधरावं डिझाइन माधुरीने कोणालाच दाखवलं नाही. त्यात एकही चेहरा नव्हता. गडद तपकिरी पाकीट, मधोमध मोठ्या पिवळ्या अक्षरांत 'काळा मसाला', खाली दगडफूल आणि खोबऱ्याची वाटी. रंग पाच. बारा फुटांवरून वाचता येत होतं. मी मोजलं.

एक दिवस स्नेहल स्टुडिओत आली. पुढच्या खोलीत गादीवर बसली आणि तिने पंधरावं डिझाइन बराच वेळ पाहिलं.

"हेच पाहिजे, सर," ती म्हणाली.

"मग घरी दाखवा."

"मी दाखवलं तर म्हणतील, सुनेनं सासऱ्याचा फोटो काढून टाकला. भूषणनं दाखवलं तर म्हणतील, पोरानं बापाचा काढला. काकाजींनी दाखवलं तर विचारायलाच नको. बाबूजींनाही आवडेल हे, पण ते स्वतः म्हणू शकत नाहीत. त्यांच्या वडिलांचा फोटो आहे ना त्यात. म्हणून तर तुम्हाला बोलावलं, सर. तुम्हाला कुठं आमच्या घरी जेवायचं आहे?"

मी वहीत तेव्हाच लिहिलं. खरं कारण: आम्हाला त्या घरी जेवायचं नाही.

"तुमचा फोटो नको का पाकिटावर?" माधुरीने तिला विचारलं.

"मले फोटो नको, ताई. मले टेबल पाहिजे. पर्वा त्यावर वजनकाटा आणून ठेवला कोणीतरी. मी बाजूला सरकवून त्याच्या शेजारी बसून राहिली."

आता आत्याचं सांगितलं पाहिजे. दसऱ्याला आमच्याकडे दरवर्षी बाहेरगावचे अकरा पाहुणे असतात. सगळे दीक्षाभूमीला येतात आणि आमच्याकडे उतरतात. माझी भंडाऱ्याची आत्या चार दिवस आधी येते, म्हणजे तिला भिंतीकडची जागा मिळते. यंदा ती इतरांचंही काही सामान घेऊन आली होती. सात सारख्याच निळ्या पिशव्या, एकाच दुकानातून घेतलेल्या. प्रत्येक पिशवीवर पासपोर्ट साइज फोटो चिकटवलेला.

"हे काय, आत्या?" मी विचारलं.

"मागच्या वर्षी माही साडी तुह्या मावसभावाच्या पिशवीत गेली अन् तो वर्ध्याले घेऊन गेला. नाव लिहिलं होतं गा, पण घाईत नाव कोण वाचते? तोंड तं लगेच ओळखू येते."

मग तिला टेबलावर जुनं मसाल्याचं पाकीट दिसलं. तिने ते चष्मा लावून नऊही जणांसकट पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "सगळे एकदमच गेले का गा, संजू? गाडी उलटली?"

मी तिला चहा दिला आणि पिशव्यांकडे पाहत बसलो. स्नेहल एकदा म्हणाली होती की त्यांचा माल नेहमी चुकीच्या दुकानात जातो. मसाले आठ प्रकारचे, पण खोके सगळे एकसारखे, आणि मसाल्याचं नाव कोपऱ्यात बोटभर. इतवारीच्या गल्लीत डोक्यावर ओझं घेतलेला हमाल ते कधी वाचणार?

मी पट्टी घेतली आणि त्यांच्याकडून नमुन्याला आणलेल्या खोक्याची बाजू मोजायला लागलो. माधुरी जुनं पाकीट उचलून बाजूला ठेवत होती, ती मध्येच थांबली.

"अहो, बाबूजींचा चेहरा कुठून कुठपर्यंत मोजला होता?"

"बाहेरची रेषा धरून. सगळ्यांचा तसाच."

"त्यांच्या डोक्यावर टोपी आहे."

मी पाहिलं. पांढरी टोपी, मागचा कागदही पांढराच, कडा पुसट. टोपी मोजली. अडीच चौरस सेंटिमीटर. वजा जाता बाबूजी बारा पूर्णांक नऊ, काकाजी बारा पूर्णांक नऊ. तीन आठवडे दोन भाऊ एका टोपीवरून अबोला धरून बसले होते आणि ती टोपी मी चेहऱ्यात मोजली होती. मी माधुरीला म्हणालो, उद्या जाऊन चूक कबूल करतो, मिटेल सगळं. ती म्हणाली, "तुम्ही आकडे घेऊन जाऊ नका म्हटलं तरी जाणार."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे फाइल द्यायच्या दिवशी, दुपारी तीन वाजता आम्ही पुन्हा त्या ऑफिसात बसलो. तीच सहा माणसं. स्नेहल टेबलाशी, शेजारी वजनकाटा. मी उभं राहून सांगितलं, "माझी चूक झाली. बाबूजींच्या मापात टोपी धरली गेली. टोपी वगळून दोघांचं तोंड अगदी सारखं आहे. बारा पूर्णांक नऊ."

बाबूजींनी मान हलवली. भूषणने श्वास सोडला. काकाजी मात्र पाकिटाकडेच पाहत होते.

"म्हणजे दादाले टोपी आहे," ते म्हणाले.

"हो."

"अन् मले नाही."

"नाही."

"मंग मले काहून टोपी नाही?"

आता ते माझ्याशी बोलत नव्हते. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा सरळ भावाकडे तोंड करून बोलत होते.

"लग्नं एकाच मांडवात झाली, फोटो एकाच दिवशी काढले होते, दादा. एकाच स्टुडिओत. तू आत गेला टोपी घालून. मी आत गेलो, तं टोपी कुठं होती?"

"टोपी एकच होती गा, श्याम. बाबांची होती."

"तुहा फोटो झाल्यावर उतरवून देता आली असती."

"तू मागितली का?"

"मी काहून मागू? मोठा तू होता!"

भूषण म्हणाला, "बाबा, मी कॉम्प्युटरवर टोपी लावून देतो ना." दोघे भाऊ एकदम म्हणाले, "तू चूप बस." ते पहिलं एकमत होतं, म्हणून मी घड्याळ पाहिलं. तीन वाजून अकरा मिनिटं.

मी ती संधी घेतली. माधुरीचं पंधरावं डिझाइन टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, "पाकिटावर कोणाचाही फोटो राहणार नाही. टोपीवाल्यांचा नाही, बिनटोपीवाल्यांचा नाही. हा माझा निर्णय आहे. घरच्या कोणीही सांगितलेलं नाही. सूनबाईंनी नाही, भूषणनेही नाही. दोष द्यायचा तर मला द्या."

त्यांनी दिला. बाबूजी साडेतीन मिनिटं बोलले आणि काकाजी चार. माझी अक्कल, माझी पट्टी, मनीषनगरात राहणारे लोक आणि एकंदर माझ्या पिढीचं शिक्षण, सगळं त्यात आलं. पंच्याऐंशी हजारांत हेच धरलेलं असतं. बोलता बोलता बाबूजींची नजर पुन्हापुन्हा पंधराव्या डिझाइनकडे जात होती. शेवटी ते म्हणाले, "अन् बाबांचा फोटो? तो कुठं ठेवाचा?"

मग मी खोक्याचं सांगितलं. आठ मसाले, आठ खोके, प्रत्येक खोक्याच्या चारही बाजूंना एकेक मोठा चेहरा, एका रंगात. पाकिटावर बारा पूर्णांक नऊ होता, खोक्यावर तीनशे वीस चौरस सेंटिमीटर. माल चुकायचा नाही, कारण हमालाला लांबूनच ओळखू येईल. वडिलांचा चेहरा काळ्या मसाल्यावर, कारण सुरुवात त्यानेच झाली होती. याला कोणी विरोध केला नाही.

"तीनशे वीस," काकाजी म्हणाले. मनातल्या मनात ते भाग घालत होते. "म्हणजे पंचवीसपट."

"चोवीस पूर्णांक आठ," मी म्हणालो. माधुरीने माझा पाय दाबला.

उरले सात मसाले आणि आठ तोंडं. एक जण जास्त होता. सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. तेव्हा भूषण उठला आणि म्हणाला, "परत आलेल्या मालाचा एक वेगळा खोका असते. त्यावर मी राहतो." त्या घरात त्याने केलेलं ते सर्वांत मोठं काम आहे, असं माझं मत आहे. बायकोला त्याने काय सांगितलं ते मला माहीत नाही.

बाकीच्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. स्नेहलने वजनकाट्याच्या ताटलीत ठेवल्या. गैरहजर होते त्यांच्या चिठ्ठ्या तिने उचलल्या आणि बाबूजींची बाबूजींनी. त्यांनी ती उघडली, वाचली आणि पुन्हा घडी करून ठेवली.

"काय निघालं?" काकाजींनी विचारलं.

बाबूजी चाळीस वर्षं माळकरी आहेत. त्यांच्या ताटाशेजारच्या ताटात अंडं आलं तरी ते पाट बदलतात. चिठ्ठीत होतं, मटण मसाला.

काकाजींना हळद निघाली होती. ते दर रविवारी सावजीच्या खाणावळीत मटणाचा झणझणीत रस्सा खातात आणि घरी सांगतात की फिरायला गेलो होतो. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिल्या. सव्वाचार झाले होते.

"बदलून देतो," ते म्हणाले, "पण खोक्यावर मले नवीन फोटो पाहिजे."

"काढ ना."

"टोपी घालून."

बाबूजींनी खिशातून रुमाल काढला आणि डोळ्याला लावला. "मिरची लय उडून राहिली आज," ते म्हणाले. पन्नास वर्षं त्या ऑफिसात बसलेल्या माणसाला मिरची लागल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी दोघांनी पंधराव्या डिझाइनवर सह्या केल्या. पाच पन्नासला फाइल सिलिंडरवाल्याकडे गेली. स्नेहलने वजनकाटा स्वतः उचलला, खाली नेऊन ठेवला आणि वर येऊन टेबल ओल्या फडक्याने पुसलं. कोणी काही म्हणालं नाही, म्हणजे पक्कं झालं.

माल दिवाळीच्या नऊ दिवस आधी दुकानांत लागला. खरेदी अधिकाऱ्याने या वेळी पार्टी विचारली नाही. खोक्यांचं म्हणाल तर आता इतवारीत त्यांच्या गोदामासमोर उभं राहिलं की ऐकू येतं, "दोन काकाजी चढव! बाबूजी ओले होऊन राहिले, आत घे!" मटण मसाला हळदीपेक्षा जास्त खपतो, त्यामुळे रोज काकाजी जास्त चढतात. बाबूजी म्हणतात की लग्नसराई येऊ द्या. परत मालाचा खोका क्वचितच निघतो. भूषण म्हणतो, मला कोणी ओळखत नाही, धंदा चांगला चालला आहे.

आता हिशोब. पंच्याऐंशी हजार, अधिक जीएसटी पंधरा हजार तीनशे, एकूण एक लाख तीनशे. त्यांच्या नियमाप्रमाणे टीडीएस कापून सगळे पैसे दिवाळीच्या आत मिळाले. टोपीच्या चुकीबद्दल मी हजार रुपये कमी करतो म्हणालो होतो. काकाजींनी ते घेतले नाहीत.

एक रक्कम मात्र आमच्या बिलात नव्हती. सह्या झाल्याच्या दुसऱ्या दिवशी काकाजींचा फोटो काढायला माधुरी कॅमेरा घेऊन गेली, मी बरोबर होतो. काकाजी न्हाव्याकडे जाऊन, मिशांना टोकं काढून खुर्चीवर बसले होते. टोपी नव्हती. बाबूजी कोणाला न सांगता जिना उतरले, इतवारीच्या गल्लीतल्या टोपीवाल्याकडे गेले, वर आले आणि भावाच्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवून दोन्ही हातांनी सरळ केली.

"अजून थोडी डावीकडं," काकाजी म्हणाले.

माधुरीने फोटो काढला. काकाजींनी मग माझ्याकडे हात पुढे केला, पट्टी मागितली आणि टोपीची उंची मोजून पाहिली.

टोपीचे सत्तर रुपये. दिले बाबूजींनी, रोख, गल्लीतल्या टोपीवाल्याला. पावती काकाजींनी मागून घेतली आणि त्यांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे.